बागेतली पाटी

मागच्या रविवारी नवऱ्याने 'ला राफ्ल' लावला, २०१० चा फ्रेंच सिनेमा आहे. मी म्हटलं चला, पॅरिसमध्ये राहतोय तर भाषेची प्रॅक्टिस होईल तेवढीच. कसली प्रॅक्टिस, शेवटची वीस मिनिटं सबटायटल्ससुद्धा वाचता येत नव्हती, डोळेच भरलेले.

राफ्ल म्हणजे धरपकड. १६ आणि १७ जुलै १९४२, पॅरिस नाझी जर्मनीच्या ताब्यात होतं तेव्हा, दोन दिवसांत पॅरिस आणि आसपासच्या १३,१५२ ज्यूंना पकडलं, त्यात ४,११५ मुलं. आणि पकडणारे जर्मन नव्हते बरं का, फ्रेंच पोलीस, इथलेच, हातात नाव-पत्त्याची कार्डं घेऊन जिने चढणारे. सिनेमात हे सगळं मोंमार्त्र या पॅरिसच्या वस्तीतल्या मुलांच्या नजरेतून दिसतं, छातीवर पिवळा तारा शिवलेला (ज्यू असल्याची खूण, सहा वर्षांच्या पुढच्या सगळ्या ज्यूंना सक्ती होती) तरी गल्लीत धावाधाव, खेळ चालूच, आणि मग एका पहाटे दारावर धडाधड थापा.

पोराबाळांच्या कुटुंबांना वेल दिव नावाच्या सायकल रेसच्या इनडोअर स्टेडियममध्ये कोंडलं, ऐन उन्हाळ्यात, पाच दिवस, पाण्याचे हाल, संडास जेमतेम. तिथे आलेल्या अग्निशमनवाल्यांनी पाण्याचे पाइप सोडले आणि लोकांच्या चिठ्ठ्या लपवून बाहेर नेल्या, हे खरंच घडलेलं आहे. पुढे छावणीत आयांना आधी नेलं, मुलं मागे राहिली, आणि नंतर मुलांनाही आउश्वित्झला, नाझींच्या मृत्युछावणीत. लहान मुलं तेव्हा जर्मनांनी मागितलीही नव्हती, ती पाठवायची तयारी इथल्या सरकारनेच दाखवली. मला सगळ्यात जास्त हेच पचत नाहीये. आणि फ्रेंच राज्याचीही यात जबाबदारी होती हे राष्ट्राध्यक्षांनी, शिराक यांनी, उघडपणे मान्य केलं ते १९९५ मध्ये!

ते स्टेडियम १९५९ ला पाडलं. जागा शोधली तर बीर-हाकेम मेट्रो स्टेशनच्या अगदी शेजारी. आई-बाबा आले होते तेव्हा आयफेल टॉवरसाठी आम्ही तिथेच उतरलो होतो की! फोटो काढत काढत सरळ पुढे गेलो.

आता नजरच बदललीये. इथल्या कितीतरी शाळांच्या भिंतीवर काळ्या पाट्या आहेत, या शाळेतून नेलेल्या मुलांच्या. आणि शाळेत जायचंही वय न झालेल्या चिमुकल्यांच्या पाट्या बागांमध्ये. स्क्वेअर द्यु तांप्लमध्ये तशी एक आहे, नाव आणि पुढे वय, काहींचं तर महिन्यांत. त्यावर लिहिलंय, वाटसरा, त्यांची नावं वाच, तुझी आठवण हीच त्यांची एकमेव समाधी.

लेक नुकतीच वाचायला शिकलीये, दिसेल ती पाटी वाचायची हौस. काल तिने तीही अक्षर अक्षर लावत मोठ्याने वाचायला घेतली, एक नाव तिच्या वर्गातल्या मैत्रिणीचं निघालं म्हणून खूश झाली, मग म्हणाली, "आई, ही बाळं कोण गं?"

मी म्हटलं, इथली होती. तेवढ्यात घसरगुंडी रिकामी झाली आणि ती पळाली.