मासिकांचं बाइंडिंग आणि एका जोडअंकाचा अडथळा

खानापूर तालुक्यातल्या कॉलेजच्या ग्रंथालयात मासिकांच्या बाइंडिंगला वर्षातले थोडेच दिवस मिळतात. जून ते सप्टेंबर आमच्या भिंतीसुद्धा ओल्या असतात. खळ वाळत नाही आणि पुठ्ठ्याला बुरशी धरते. एप्रिल-मेमध्ये बेळगावचे बाइंडर शाळेच्या वह्यांत गुंतलेले. डिसेंबरात वर्ष संपलं तरी त्रैमासिकांचा शेवटचा अंक फेब्रुवारीत हाती येतो, आणि बिल 31 मार्चच्या आत लागतं. म्हणजे खरी मुदत फेब्रुवारी-मार्चचीच.

कोटेशनं आली, दर ठरले, त्यात काही अडलं नाही. फाईल अडली ती आमच्या संस्थेच्या लेखा विभागात, एका जोडअंकावरून.

एका मासिकाचा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा अंक एकत्र, दिवाळी अंक म्हणून निघतो. माझ्या यादीत त्यामुळे अकरा अंक. तिथले कारकून म्हणाले, "मॅडम, वर्गणी बारा महिन्यांची भरलीय. मग एक अंक कुठं गेला?" मी अंक समोर ठेवला, मुखपृष्ठावर दोन्ही महिने छापलेले. "ते चालत नाही, प्रकाशकाचं पत्र आणा." पुण्याला फोन केला, तर कुणी उचलेना. पत्र लिहिलं. उत्तर आलं, त्यावर शिक्का नव्हता. शिक्क्याचं पत्र येईपर्यंत मार्च उजाडला आणि बाइंडरकाकांनी आमच्यासाठी राखलेले दिवस दुसऱ्याच्या कामाला दिले. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना पोट आहे. पण एका महिन्याच्या हिशेबापायी अख्ख्या वर्षाचे गठ्ठे सुतळीत बांधून पडलेले बघून माझा जीव तुटत होता.

शेवटी प्राचार्यांनी कार्डेक्सच्या, म्हणजे आलेल्या प्रत्येक अंकाची नोंद ठेवायच्या, कार्डाची प्रत सही करून दिली. त्यावर अंक आला त्याच दिवशी मी 'जोडअंक' असं लिहिलं होतं. तेवढ्यावर मंजुरी झाली! हेच कार्ड पहिल्या दिवशी का चाललं नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं: बाइंडिंगच्या यादीत 'जोडअंक' हा वेगळा रकाना ठेवा, आणि कार्डाची सहीची प्रत कोटेशनबरोबरच जोडा. हरवलेल्या अंकाची मागणी तो यायचा महिना उलटताच करा. वर्षअखेरीला प्रकाशकाकडं जुनी प्रत उरलेली नसते.

साने गुरुजींनी 1948 साली सुरू केलेलं 'साधना' आमच्याकडे येतं. अशा साप्ताहिकांचे सहामाही दोन खंड करा. एकाच खंडात कोंबलं तर तो उघडत नाही आणि पाठ फाटते. परीक्षेच्या दिवसांत सगळे गठ्ठे एकदम पाठवू नका, मुलांना चालू वर्षाचेच अंक लागतात.

शिलाईचं सांगायचं राहिलं. पिना मारलेले अंक असतील तर गंजायच्या आत पिना काढून जुजबंदी, म्हणजे पानांच्या घडीतून दोरा ओवून केलेली शिलाई, करून घ्या. पाठीला गोंद लावलेल्या दिवाळी अंकांना ती जमत नाही, त्यांची शिलाई बाजूनं होते. म्हणून समास कापू नका, असं बाइंडरला लिहून द्या. कोटेशनमध्ये आयएस 3050 या ग्रंथालयीन बाइंडिंगच्या भारतीय मानकाचा उल्लेख ठेवला की दोरा, पुठ्ठा, कापड यावर वाद होत नाही. प्रत्येक मासिकाच्या रेक्झिनचा तुकडाही फाईलला लावून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी रंग जुळत नाही.

आमचे खंड अखेर मेमध्ये आले, मृगाच्या आधी.