शनिवार दुपारी तीन: गुडिसनच्या पायऱ्यांवरची माणसं

शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा प्रीमियर लीगचा सामना तुम्हाला जालन्यात, परभणीत मोबाइलवर थेट दिसतो. आपल्याकडं तेव्हा संध्याकाळचे साडेसात नाहीतर साडेआठ वाजलेले असतात. तोच सामना लिव्हरपुलात, मैदानाच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला टीव्हीवर बघता येत नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात ब्रिटनमध्ये फुटबॉलचा सामना थेट दाखवायचा नाही, असा नियम आहे. १९६० च्या दशकात बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी लीगच्या गळी हा विचार उतरवला. मोठ्या क्लबांचे सामने घरबसल्या दिसले तर लहान गावच्या क्लबाच्या फाटकावर कोण येणार, हा त्यांचा सवाल होता. इथं लिव्हरपुलात नव्यानं आलेल्या आपल्या माणसाला या नियमाचा संताप येतो. मला मात्र हा नियम राहावा असं ठामपणे वाटतं, आणि त्याचं कारण इथल्या साठी-सत्तरीतल्या चाहत्यांच्या आठवणीत आहे.

एव्हर्टन हा लिव्हरपुल शहरातला १८७८ चा क्लब. गुडिसन पार्कवर तो १८९२ पासून खेळला. पुरुष संघाचा तिथला शेवटचा सामना १८ मे २०२५ ला झाला, साउथॅम्प्टनविरुद्ध, २-० असा जिंकला. आता संघ ब्रॅमली-मूर गोदीतल्या ५२,७६९ आसनांच्या नव्या मैदानावर गेलाय, आणि गुडिसनवर क्लबच्या महिला खेळतात. मैदान बदललं आणि जुन्या माणसांच्या बोलण्याला पूर आला. नीट ऐकलं की एक गोष्ट ध्यानात येते. ही माणसं गोलापासून सुरुवात करत नाहीत. कोणत्या फाटकातून आत गेलो, कोणत्या पायरीवर उभे होतो, डाव्या हाताला कोण होतं, तिथून सुरुवात होते. गोल शेवटी येतो, आणि तोही ‘आमच्या जागेवरून कसा दिसला’ असाच.

फाटकाचंच घ्या. सॅलफर्डच्या एलिसन कंपनीची बिडाची फिरती फाटकं देशभरातल्या मैदानांवर होती. वाट इतकी अरुंद, की जाड कोट घातलेल्या माणसाला आडवं होऊन शिरावं लागायचं. आत बसलेला माणूस नाणी मोजून घ्यायचा, पायानं खटका दाबायचा, फाटक एकाच माणसापुरतं फिरायचं आणि आकडा एकानं पुढं सरकायचा. सामना संपल्यावर तो आकडा आणि गल्ल्यातली रोकड जुळवायची. म्हणून सुट्टे पैसे मुठीत धरून रांगेत उभं राहायचं, ही पहिली शिस्त. नोट काढली की रांग अडली, आणि मागचे शंभर जण ओरडले. बापाच्या पोटाला चिकटून पोरगं आत जायचं तेव्हा खटका एकदाच दाबला जायचा. त्यामुळं त्या काळच्या अधिकृत आकड्यापेक्षा खरी गर्दी जास्त होती, असं जुने चाहते छातीठोकपणे सांगतात. गुडिसनचा विक्रमी आकडा १८ सप्टेंबर १९४८ चा आहे, शहरातल्याच लिव्हरपुल क्लबाविरुद्ध ७८,२९९. नंतर सगळीकडं खुर्च्या बसल्यावर त्याच मैदानात चाळीस हजारांच्या आसपास माणसं मावत.

खिशात पैसे नसलेल्या पोरांची दुसरी वाट होती. सामन्याचा पाऊण भाग संपला की घाईनं घरी निघणाऱ्यांसाठी मोठी दारं उघडायची, आणि पोरं उलटी आत घुसायची. शेवटची वीसेक मिनिटं फुकट. पूर्ण सामना आयुष्यात पहिल्यांदा बघायच्या आधी कित्येकांनी असे शेवटचे तुकडेच पाहिलेले आहेत.

आता उभं राहण्याबद्दल. यावर जरा लांबण लावतो, कारण परदेशात बसून सामने बघणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. गोलच्या मागं सिमेंटच्या पायऱ्या, त्यांना इथं टेरेस म्हणतात. तिकिटावर जागेचा नंबर नाही. अधूनमधून कमरेच्या वर येणारे लोखंडी अडसर, सरळ रेषेत न लावता आलटूनपालटून बसवलेले, म्हणजे वरून आलेला लोंढा मध्येच तुटावा. दोन अडसरांमधल्या मोकळ्या जागा एकाखाली एक आल्या, तर वरच्या पायरीवरचा धक्का थेट खालच्या कठड्यापर्यंत जातो. जाणत्या माणसाची जागा ठरलेली: अडसराच्या पुढं, अडसर पाठीशी घेऊन. मागून रेटा आला तर लोखंड तो अंगावर घेतं. अडसराच्या मागं, लोखंड छातीशी येईल असं नवखाच उभा राहायचा, आणि पहिल्याच कॉर्नरला त्याच्या बरगड्या कळवळायच्या. ही जागा मिळवायची तर सामन्याआधी तास-दीड तास आत यावं लागे.

हात खाली सोडायचे नाहीत, छातीसमोर दुमडून ठेवायचे. गर्दी आवळली की खालचा हात वर काढता येत नाही, आणि छातीपुढची वीतभर जागा श्वासाला लागते. खाली पडलेलं काही उचलायला वाकायचं नाही, बूट निघाला तरी. चेंडू गोलजवळ आला की मागच्यांना दिसत नाही, ते टाचा उंचावून पुढं झुकतात आणि सगळी गर्दी चार-पाच पायऱ्या खाली वाहते. मग हळूहळू परत वर येते, पण तुम्ही तुमच्या जागी येत नाही. म्हणून सोबत्यांची भेटायची जागा आधीच ठरलेली असायची, अमक्या अडसरापाशी. लहान पोरांना लोकांच्या डोक्यांवरून हातोहात पुढं पाठवत, थेट खालच्या भिंतीपर्यंत. थोड्या मोठ्या पोरांसाठी जाळीचा वेगळा वाडा होता. तिथं धाकट्यांना दांडगी पोरं छळायची, त्यामुळं कधी एकदा वाड्यातून सुटून मोठ्यांच्या पायऱ्यांवर जातो, असं प्रत्येकाला व्हायचं.

मध्यंतराला दुसऱ्या गावचे निकाल कसे कळायचे? मैदानाच्या कडेला ए, बी, सी अशी अक्षरं रंगवलेली फळी. कोणतं अक्षर म्हणजे कोणता सामना, हे त्या दिवशीच्या छापील कार्यक्रमपत्रिकेतच असायचं. पत्रिका विकत न घेणाऱ्याला फळीवर नुसते आकडे दिसायचे. मग शेजाऱ्याच्या पत्रिकेत डोकवायचं, तिथून ओळख, आणि पुढं तीस-तीस वर्षांचा शेजार. सामना संपल्यावर तासाभरात शनिवारचा खास क्रीडा अंक रस्त्यावर यायचा, कुठं गुलाबी कागदावर तर शेफील्डात हिरव्यावर. बातमीदार मैदानातून टेलिफोनवर एकेक परिच्छेद सांगायचा, तिकडं तो टंकला जाऊन खिळे जुळायचे. म्हणून पहिल्या अर्ध्या तासाचं वर्णन ऐसपैस असायचं आणि विजयी गोल शेवटच्या दोन ओळींत कोंबलेला. पाच वाजता बीबीसी रेडिओवर निकाल. जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यांनी ते १९७४ ते २०१३ वाचले. पहिल्या संघाचं नाव आणि आकडा ते अशा सुरात उच्चारत की दुसऱ्याचा आकडा ऐकायच्या आधीच कोण जिंकलं ते कळे.

टीव्हीवर लीगचे सामने नियमित थेट दिसू लागले ते १९८३ पासून, आणि तेही मोजके. त्याआधी १९६४ पासून शनिवारी रात्री काही सामन्यांची क्षणचित्रं दाखवत. बाकी सामने झाले आणि गेले. ते जतन करायचं काम बघणाऱ्यांवर होतं, आणि त्यांनी ते केलं. २४ एप्रिल १९८५ च्या रात्री गुडिसनवर कप विनर्स कप या युरोपीय स्पर्धेचा उपांत्य सामना होता, आणि जर्मनीचं बायर्न म्युनिक मध्यंतराला १-० नं पुढं होतं. दुसऱ्या भागात ग्लॅडिस स्ट्रीट या मागच्या रस्त्याच्या बाजूच्या गोलात एव्हर्टनचे तीन गोल झाले. शार्प, ग्रे, स्टीव्हन. त्या पायऱ्यांवर उभं राहिलेला माणूस आजही गोलांच्या आधी लोंढा कुठून कुठं गेला ते हातानं दाखवतो. प्रशिक्षक हॉवर्ड केंडल यांच्या त्या संघानं लीग जिंकली, रॉटरडॅममध्ये रॅपिड व्हिएन्नाला ३-१ हरवून कप विनर्स कप आणला, आणि दोनच आठवड्यांत ब्रसेल्सच्या हेसेल मैदानावर, युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी लिव्हरपुलचे चाहते युव्हेंटसच्या चाहत्यांवर चालून गेले, त्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. इंग्लिश क्लबांना युरोपची दारं बंद झाली. युरोपियन कप खेळायचा हक्क कमावूनही एव्हर्टन तो खेळू शकलं नाही. ही सल इथं अजून ओली आहे, आणि ती रास्त आहे.

आपल्याकडून एक प्रश्न हमखास येतो: इतकी माणसं चेंगरून मेली, तरी यांना उभं राहण्याचं एवढं कौतुक कसलं? हा प्रश्न मला खटकतो. उभं राहिल्यानं माणसं मेली नाहीत. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरोवर लिव्हरपुल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा एफए कपचा उपांत्य सामना होता. बाहेरची दाटी कमी करायला २ वाजून ५२ मिनिटांनी ‘सी’ दार उघडलं. आत आलेला जमाव समोरच्या बोगद्यातून सरळ मधल्या दोन कोंडवाड्यांत गेला. ते आधीच भरलेले होते. बाजूला लोखंडी कुंपण, पुढं कुंपण. कडेच्या कोंडवाड्यांत जागा होती, पण तिकडं कुणीही वळवलं नाही. एक अडसर मोडला. ३ वाजून ६ मिनिटांनी सामना थांबवला. मृतांचा आकडा पुढं ९७ झाला. सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत तेव्हाही आकडे होतेच: १० चौरस मीटरला जास्तीत जास्त ५४ माणसं, पायऱ्या आणि अडसर धड नसतील तर २७. आता कमाल मर्यादा ४७ आहे. आकडा कागदावर असून भागत नाही. कोणत्या कोंडवाड्यात किती माणसं गेली हे मोजायला माणूस लागतो.

त्याच दुपारी एव्हर्टनचे चाहते बर्मिंगहॅमला व्हिला पार्कवर होते, दुसऱ्या उपांत्य सामन्यात. नॉर्विचला १-० हरवलं. ट्रान्झिस्टरवर बातम्या येऊ लागल्या, आणि ज्यांच्या घरात एक भाऊ निळा, म्हणजे एव्हर्टनचा, आणि एक लाल, म्हणजे लिव्हरपुलचा, ते बाहेर फोनच्या रांगेत उभे राहिले. पुढच्या आठवड्यात दोन्ही क्लबांच्या मैदानांच्या मधल्या स्टॅन्ली पार्कातून निळे आणि लाल मफलर एकमेकांना बांधून साखळी केली. हिल्सबरोच्या चौकशीच्या टेलर अहवालानंतर वरच्या दोन विभागांना सगळीकडं खुर्च्या बसवायला १९९४ पर्यंतची मुदत मिळाली. परवानगीनं उभं राहायची सोय २०२२ मध्ये परत आली, प्रत्येक माणसापुढं स्वतंत्र दांडा असलेली. ही व्यवस्था चांगली आहे. जुनी माणसंही ते मान्य करतात. त्यांना धक्के नकोच आहेत. दरवर्षी नंबर न बघता ज्याच्या शेजारी उभं राहता यायचं तो माणूस हवा आहे.

एवढं कौतुक केलं, आता आपलीही बाजू मांडतो. इथं काहींना वाटतं की भारतीयाला फुटबॉल टीव्हीनं शिकवला. मराठवाडा ज्या हैदराबाद राज्यात होता, त्या हैदराबादच्या पोलिस संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम भारताचेही प्रशिक्षक झाले. मराठवाडा हैदराबादेतून निघाला १ नोव्हेंबर १९५६ ला, आणि त्याच वर्षअखेरीस मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीम यांचा संघ चौथा आला. १९६२ ला जकार्तात आशियाई सुवर्ण. हा वारसा हैदराबादेनं ठेवून घेतला आणि आपण मागितला नाही. नांदेड-औरंगाबादच्या शाळांत हा पाठ असायला हवा होता.

आणि गर्दीचं शहाणपण म्हणाल, तर माळेगावच्या यात्रेतला कुस्तीचा फड आठवा. तिथंही नंबर नाही. पुढचे मांडी घालून, मागचे उकिडवे, त्यामागं उभे, शेवटी ट्रॅक्टरवर चढलेले. पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या आधी, इनाम चढत चढत मानाची कुस्ती शेवटी. हलगीचा ठेका बदलला की पाठमोऱ्या माणसालाही कळतं, डाव लागला. पोलिसापेक्षा पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचा ‘खाली बसा’ जास्त चालतो. एव्हर्टनच्या म्हाताऱ्यांना हे सांगितलं तर अर्ध्या वाक्यात समजतं.

युद्धानंतर लिव्हरपुलच्या जुन्या चाळी पाडल्या आणि हजारो कुटुंबं कर्कबी, स्केल्मर्सडेल, रनकॉर्नला पाठवली. वस्ती गेली, पण शनिवारी त्यांच्या बस भरून परत यायच्या. गुडिसनच्या आठवणी सगळ्यात बारकाईनं सांगतात ते हेच, दूर गेलेले. जवळ राहिलेल्याला रोज दिसतं म्हणून तो बघत नाही. गाव सोडून आलेल्यांना ‘तुम्हाला काय पडलंय’ असं विचारणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं.

माळेगावचा फड असो की नांदेडची गुरु गोविंदसिंगजी सुवर्ण-रौप्य चषक हॉकी, तुमच्या घरात सत्तरीतला प्रेक्षक असेल तर त्याला ‘कोण जिंकलं’ हे सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा: आत कुठून जायचे, तिकीट होतं की उघडं मैदान. उन्हाला पाठ करून बसायचे की तोंड. शेजारी कोण असायचं. निवेदन करणारा कोण, भोंगा कुठं बांधलेला. पाऊस आला तर खेळ कुठं हलायचा. निकाल गावात कोण आणायचं, शेवटची एसटी किती वाजता. मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि शक्य असेल तर त्याच जागी नेऊन उभं करा. जागेवर पाय पडला की माणूस न विचारलेलंही सांगतो.