काडेपेटीतला धीरज आणि गोलशून्याचं गणित: फातोर्डा २०२१, नोंद चौथी

२०२१च्या आशियाई चॅम्पियन्स लीगमधले एफसी गोव्याचे फातोर्ड्याचे सामने मी टेबलावर, कॅरमच्या सोंगट्यांच्या फुटबॉलने, पुन्हा खेळतोय. त्यासाठी चारही संघ एकदाचे रंगवून झाले. खेळाडू म्हणून चाळीस सोंगट्या आणि गोलरक्षक म्हणून चार काडेपेट्या. कॅरमचे दोन जुने संच मोडले, तरी राणीसकट एकोणीस दुणे अडतीसच सोंगट्या हाताला लागल्या. उरलेल्या दोन भाच्याच्या चालू संचातून उचलल्या आणि त्या बदल्यात त्याला पर्सेपोलिस हा इराणी संघ द्यायचं कबूल केलं. शब्द पाळावा लागणार आहे.

गेल्या नोंदीत गाडं लाल रंगावर अडलं होतं. गट 'ई'चे तिन्ही पाहुणे लालातले: पर्सेपोलिस तांबडा, अमिरातीचा अल-वाहदा मरून, कतारचा अल-रय्यान लाल-काळा. चौथा आपला एफसी गोवा, नारिंगी. दिवसा फरक कळायचा. रात्री ट्यूबलाइटखाली नारिंगी आणि तांबडं एक होऊन जायचं आणि खेळता खेळता माझीच सोंगटी मी परक्याची समजायचो. शेवटी रंग बदलले नाहीत, कडा बदलल्या. ड्रिल मशीनच्या तोंडाला बाटलीचं बूच बसवलं, बुचावर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने सोंगटी चिकटवली, मशीन अगदी हळू फिरवलं आणि शून्य नंबरचा ब्रश कडेला नुसता टेकवला. ब्रश हलवायचा नाही, श्वासही सोडायचा नाही. एका फेऱ्यात रेघ उमटते. गोव्याला निळी कड, पर्सेपोलिसला पांढरी, अल-वाहदाला कडच नाही. पहिल्या पाच सोंगट्या वाया गेल्या, कारण रंग पातळ झाला होता आणि फिरताना बाहेर उडायचा. रंग साईसारखा दाट हवा, एवढं लक्षात ठेवा.

नव्याने आलेल्यांसाठी, हा मोसम का निवडला ते थोडक्यात. २०२१ला आशियाई चॅम्पियन्स लीगची गटसाखळी ३२ संघांवरून ४० संघांची झाली आणि तीत पहिल्यांदाच एक भारतीय क्लब आला. २०१९-२०च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) साखळीत अव्वल राहिल्याने ती जागा एफसी गोव्याला मिळाली. करोनामुळे प्रत्येक गटाचे सगळे सामने एकाच ठिकाणी घ्यायचे ठरले आणि गट 'ई'चं यजमानपद गोव्याकडे आलं. १४ ते २९ एप्रिल, मडगावचं फातोर्डा स्टेडियम, आणि प्रेक्षक एकही नाही. मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठांचा सामना असला की पाय ठेवायला जागा मिळत नाही, हे बघत मोठा झालेला. आशियातले एवढे मोठे संघ फातोर्ड्यात उतरले आणि गोव्यासारख्या फुटबॉलवेड्या मुलखातल्या माणसांना आत जाता आलं नाही, याची हळहळ आजही वाटते. त्या रात्री टीव्हीवर खेळाडूंच्या हाका स्पष्ट ऐकू यायच्या.

गोव्याचे सामने असे झाले: अल-रय्यानशी ०-०, अल-वाहदाशी ०-०, पर्सेपोलिसकडून १-२ आणि ०-४, पुन्हा अल-रय्यानशी १-१, पुन्हा अल-वाहदाकडून ०-२. तीन गुण, गटात तिसरा नंबर, अल-रय्यानच्या एक गुण वर. त्या अल-रय्यानचा प्रशिक्षक होता लॉराँ ब्लाँ, फ्रान्सच्या १९९८च्या विश्वविजेत्या संघातला. पुढे नोव्हेंबरमध्ये रियाधला सौदीच्या अल-हिलालने दक्षिण कोरियाच्या पोहांगला २-० हरवून करंडक नेला. माझ्या टेबलाचा विषय मात्र त्या पहिल्या दोन गोलशून्य रात्री.

तिथेच खरी अडचण आहे. सोंगट्यांच्या फुटबॉलमध्ये गोल करणं सोपं आणि गोल अडवणं महाकठीण. आमच्या जुन्या नियमांत सलग तीन टिचक्या मिळायच्या आणि तिसऱ्या टिचकीला टोला, म्हणजे गोलावर फटका. त्या नियमांनी मी आणि भाच्याने मे महिन्यात दहा सामने खेळलो, एकही गोलशून्य झाला नाही. पाच-चार, सहा-तीन असले स्कोअर. मजा आली, पण तो १४ एप्रिलचा सामना नव्हता. त्या रात्री गोवा काही मागे दबून बसला नव्हता. प्रशिक्षक हुआन फेरांडोचा संघ मागून चेंडू खेळवत बाहेर पडत होता आणि तरीही शून्यावर टिकला होता. जे नियम असा सामना होऊच देत नाहीत, ते या मोसमाला उपयोगाचे नाहीत.

म्हणून तीन बदल केले.

पहिला बदल सरकवण्याचा. समोरच्याची एक टिचकी झाली की बचाव करणाऱ्याला एक सोंगटी सरकवायची मुभा, चेंडूला न लागता. लागली तर फाऊल. या एका नियमाने बचावफळी जिवंत झाली. आधी मागच्या चार सोंगट्या नुसत्या उभ्या असायच्या. आता गोव्याचे बचावपटू इव्हान गोन्झालेस आणि डोनाची यांना काम आहे.

दुसरा बदल पुकाराचा. टोला मारायच्या आधी मोठ्याने 'टोला' म्हणायचं आणि समोरच्याला काडेपेटी बसवायला वेळ द्यायचा. ब्राझीलमध्ये कोटाच्या बटणांचा फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळतात, तिथेही टोल्याआधी गोलरक्षक लावायला वेळ देतात. गोलरक्षक म्हणून काडेपेटी उभी करणं हीसुद्धा तिकडचीच जुनी रीत, आत शिसं भरून.

तिसरा बदल वजनाचा, आणि यावर माझे दोन आठवडे गेले. आमचा चेंडू म्हणजे एक मणी. रिकामी काडेपेटी मण्याच्या धक्क्याने मागे सरकते आणि मण्यासकट गोलात जाते. वाळू भरली तर कोपऱ्यातून गळते आणि सनमायकावर कण पसरले की सोंगटी खरडते. शिसं घरात नको, लहान मूल आहे. शेवटी एक-एक रुपयाची नाणी ओळीने रचली. चार नाण्यांना पेटी हलते, सहाला थोडी डुलते, आठ नाणी आणि फटीत कापूस गच्च भरला की टोला बसल्यावर खाडकन आवाज येतो आणि मणी चांगला वीतभर मागे उसळतो. हा आवाज मला हवा होता. पेटीवर पिवळा कागद चिकटवून वर बारीक अक्षरात 'धीरज' लिहिलं. वीस वर्षांचा पोरगा होता तेव्हा गोव्याचा गोलरक्षक धीरज सिंग, आणि या सहा सामन्यांत त्याने जे अडवलं ते डोळ्यांनी पाहिलेल्यांना सांगायला नको.

चेंडूचंही सांगून टाकतो. वाळलेला वाटाणा वाकडा पळतो. माळेतला लाकडी मणी बरा, पण भोकावर येऊन थांबतो. भोकात एम-सील भरलं, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासलं, तेव्हा कुठे सरळ गेला.

आता सामने. रीत तीच: खरा संघ, खरी परिस्थिती, निकाल मात्र टेबल ठरवेल. गोव्याच्या संघात ठरलेलेच खेळाडू, आणि इथे नियम कडक आहे. चॅम्पियन्स लीगला तीन परदेशी अधिक एक आशियाई, एवढेच चालायचे. त्यामुळे त्या मोसमात आयएसएलमध्ये १४ गोल मारणारा इगोर आंगुलो यादीतच नव्हता. माझ्याकडे आंगुलोची सोंगटी गेल्या वर्षीपासून तयार आहे, सुंदर जमली आहे, पण ती डब्यातच राहते. एदू बेदिया, ऑर्तिझ, गोन्झालेस, डोनाची हे चार बाहेरचे. बाकी ब्रँडन, ग्लॅन, सान्सन, सेव्हियर, रोमिओ अशी गोव्याचीच पोरं आणि त्यांचे जोडीदार. सोंगट्यांवर ही नावं लिहिताना मला फार बरं वाटलं.

पहिला सामना, अल-रय्यान: ०-०. दुसऱ्या अर्ध्यात भाच्याने सात वेळा 'टोला' म्हटलं, सातही वेळा खाडकन. सामना संपला तेव्हा आम्ही दोघंही उभे होतो.

दुसरा, अल-वाहदा: १-० त्यांचा. माझी चूक. सरकवताना चेंडूला लागलं, फाऊल, आणि फ्री-किकवर मणी पेटी आणि खांब यांच्या मधून गेला.

तिसऱ्या सामन्यासाठी थांबावं लागलं, कारण त्या सामन्याचा पहिला गोल मला नीट मांडायचा होता. समोर पर्सेपोलिस, आदल्या स्पर्धेचा उपविजेता. चौदाव्या मिनिटाला ब्रँडनची फ्री-किक आणि बेदियाचं डोकं. चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत भारतीय क्लबचा पहिला गोल. आघाडी चारच मिनिटं टिकली. अठराव्या मिनिटाला पर्सेपोलिसच्या तोराबीची पेनल्टी, चोविसाव्याला त्यांच्याच जलाल हुसेनीचा गोल, वय ३९. पुढे धीरजने एक पेनल्टी अडवली, म्हणून फरक एकाचाच राहिला.

पेनल्टीची रीत जमली आहे: गोलरक्षकाने पुठ्ठ्याआड पेटी डावीकडे, मध्ये किंवा उजवीकडे ठेवायची, मारणाऱ्याने दिशा मनात धरायची, मग पुठ्ठा उचलायचा आणि लगेच टोला. भाच्याने पर्सेपोलिसकडून दोन मारल्या, एक आत, एक खाडकन. "मामा, दोन्ही वेळा मी उजवीकडेच मारली," म्हणाला. मीही दोन्ही वेळा पेटी उजवीकडेच ठेवली होती. पहिली पेटीच्या कडेला घासून आत गेली. हा सामना टेबलावर २-२ सुटला.

चौथा घाईत उरकला, ०-३.

पाचवा, पुन्हा अल-रय्यानशी, काल रात्री झाला. २६ एप्रिलच्या सामन्यात ऑर्तिझने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला होता आणि जवळपास सगळा सामना गोवा पुढे होता. चॅम्पियन्स लीगमधला पहिला विजय हाताशी होता. ८९व्या मिनिटाला त्यांच्या अली फेरिदूनने बरोबरी केली. हे मी त्या रात्री एकट्याने, घरातले झोपलेले असताना पाहिलं होतं. म्हणून टेबलावर हा सामना तिसऱ्या मिनिटापासून, १-० वरूनच सुरू करायचा असं ठरवलं. आमचा सामना दोन वेळा पंधरा मिनिटांचा, म्हणजे खऱ्या एका मिनिटाला वीस सेकंद. स्वयंपाकघरातला टायमर लावतो. ८९वं मिनिट सुरू होतं तेव्हा टायमरवर चाळीस सेकंद उरलेली असतात.

चाळीस सेकंद उरली तेव्हा मणी माझ्या गोलासमोरच्या डीच्या रेघेवर होता आणि पाळी भाच्याची. त्याने माझ्याकडे पाहिलं, त्यालाही माहीत होतं. "टोला." मी पेटी जवळच्या खांबाकडे किंचित तिरकी लावली. मणी पेटीच्या वरच्या कडेला लागला, उंच उडाला, गोलाच्या आडव्या काडीवर आपटला आणि टेबलाखाली गेला. तो शोधून आणेपर्यंत टायमर वाजला. वहीत दोन रकाने आहेत, खरा निकाल आणि टेबलाचा. डावीकडे १-१ आधीच होतं. उजवीकडे मी १-० लिहिलं आणि भाच्याने त्याखाली सही केली.

राहिला सहावा, अल-वाहदा. त्यात त्यांचा गोल पहिल्याच मिनिटाला झाला होता, म्हणून आम्ही ०-१ वरून सुरू करू. त्याआधी डोक्याने मारलेल्या गोलाचा नियम पक्का करायचा आहे. सध्या फ्री-किक किंवा कॉर्नरवर मणी पट्टीच्या उतारावरून सोडतो आणि हवेत असताना सोंगटीला लागला तर डोकं धरतो, पण दहात एखादाच लागतो. बेदियाच्या गोलाला हे शोभत नाही. तुमच्यापैकी कुणी उताराचा कोन किंवा लांबी मोजून ठेवली असेल तर कळवा. माझी पट्टी तीस सेंटिमीटरची आहे आणि खाली दोन सोंगट्यांची उंची दिली आहे.