आधी खर्चाचं बोलू, मग झाडं मोजू

बरेच दिवस लिहायचं राहून जात होतं, आज बसलेच. नैसर्गिक संसाधनांचं व्यवस्थापन, म्हणजे जंगल, पाणी, कुरण, मासे हे सगळं वापरायचं पण संपवायचं नाही, हा माझा विषय, आणि गेली बरीच वर्षं मी हाच शिकवतेय आणि पीएचडीच्या मुलांना गाइड करतेय. आज लिहायचंय ते या गाइड करण्याबद्दल, म्हणजे त्यात सगळ्यांना कसं सामावून घ्यायचं आणि त्याचा आमच्या मोजमापाशी काय संबंध, याबद्दल.

या विषयात येणाऱ्याला गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाचा १९६८ चा लेख चुकत नाही. सामायिक कुरण असतं, प्रत्येक जण म्हणतो माझं अजून एक जनावर चरलं तर काय बिघडतं, आणि एक दिवस कुरणच संपतं. वाचताना एकदम पटतं, मलाही पटलं होतं. मग एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन संशोधक बाईचं लिखाण हातात पडतं आणि लक्षात येतं की हार्डिनने सांगितलं ते कुणीही यावं आणि चारावं अशा कुरणाचं, आणि खरी सामायिक कुरणं बऱ्याचदा तशी नसतातच. तिने स्वित्झर्लंडमधली डोंगरावरची कुरणं, स्पेनमधलं पाटाचं पाणी, जपानमधली गावांची सामायिक जंगलं, फिलिपिन्समधले शेतकऱ्यांचे कालवे अशी शेकडो वर्षं चाललेली उदाहरणं एकत्र ठेवली आणि दाखवलं की लोक आपापसात बोलून पाळ्या लावतात, लक्ष ठेवतात, चुकणाऱ्याला आधी थोडा दंड करतात आणि ऐकलंच नाही तर वाढवतात. सामायिक गोष्टी टिकवण्याच्या तिच्या आठ तत्त्वांमधलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं तत्त्व म्हणजे नियम ज्यांना लागू होतात त्यांना ते बदलण्यात वाटा हवा.

आणि हीच ऑस्ट्रॉम, जिला मुलगी म्हणून शाळेत ट्रिगोनोमेट्री घेऊ नकोस असं सांगितलं गेलं, मग गणित कमी पडतं म्हणून अर्थशास्त्राच्या पीएचडीचं दार बंद झालं, तिने १९६५ मध्ये राज्यशास्त्रात पीएचडी केली, आणि २००९ मध्ये नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं, ते मिळवणारी पहिली बाई. मी प्रत्येक बॅचला हे सांगते. पण नुसतं सांगून आपण सुधारतो असं नाही, ते मला एका विद्यार्थिनीमुळे कळलं.

ती हुशार होती, वाचन चांगलं, पण फील्डवर्कची तारीख ठरली की काहीतरी कारण निघायचं. दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी मनात शिक्काच मारला की हिला फील्डची आवड नाही, लायब्ररीतलं काम देऊया. पुढे तिच्याच बॅचच्या मुलाकडून कळलं की आमच्याकडे प्रवासाचा, राहण्याचा खर्च आधी स्वतः करायचा आणि बिलं दिल्यावर दोन-तीन महिन्यांनी पैसे परत मिळायचे, आणि तेवढी पदरमोड करायची तिची सोयच नव्हती. गाइडसमोर पैशाचं कसं बोलायचं म्हणून ती गप्प. मला इतकं वाईट वाटलं, कारण मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि माझ्या स्वतःच्या विद्यार्थीदशेत घरून पैसे मिळायचे म्हणून हा प्रश्न मला कधी दिसलाच नव्हता.

दुसऱ्याच महिन्यात आगाऊ रक्कम मिळायची सोय करून घेतली. ती फील्डवर आली. आम्ही नेहमीप्रमाणे जंगलात प्लॉट, म्हणजे मोजणीसाठी ठरवलेले तुकडे, आखून १.३ मीटर उंचीवर, म्हणजे छातीच्या उंचीला, झाडांचे घेर मोजत होतो. दुपारी तिने हळूच विचारलं, "मॅडम, फांद्या तोडल्यात त्या कुठे लिहायच्या?" डेटाशीटवर तसा रकानाच नव्हता. ती लहानपणी आईबरोबर सरपण आणायला जायची, तिला माहीत होतं की सरपणाला कोणी खोड तोडत नाही, फांद्या तोडतात. खोडाचा घेर तसाच राहतो आणि वर झाड ओकंबोकं होत जातं. म्हणजे आमच्या आकड्यांत जंगल ठणठणीत आणि प्रत्यक्षात ते वरून विरळ होतंय! आम्ही इतके जण इतकी वर्षं तिथे जात होतो, कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण आमच्यातलं कुणी सरपण आणलेलंच नव्हतं.

म्हणून सर्वसमावेशक मेंटॉरिंग, म्हणजे सगळ्यांना सामावून घेणारं मार्गदर्शन, म्हटलं की लोकांना वाटतं ही वेगळी समाजसेवा आहे, त्याचा मला राग येतो. टीममध्ये कोण आहे यावर शीटवरचे रकाने ठरतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं तेच झालं, किनाऱ्याजवळ छोट्या बोटींवर काम करणारे १९८० च्या दशकातच सांगत होते की मासा कमी झालाय, लहान मिळतोय, पण सरकारी अंदाजात मोठ्या ट्रॉलरच्या आकड्यांना वजन होतं, आणि ट्रॉलर तर जिथे मासा गोळा झालाय तिथेच जाऊन जाळं टाकणार, त्यांना कमी कसा दिसेल? जुलै १९९२ मध्ये कॉड पकडण्यावर बंदी आली, साधारण ३०,००० लोकांचं काम गेलं, दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी उठायला २०२४ उजाडलं.

आता मी काही गोष्टी पहिल्याच मीटिंगला मोकळेपणाने बोलते. खर्च कोण करणार, टॉयलेटची सोय काय, फील्डवर कुणी त्रास दिला तर माझ्याशिवाय अजून कुणाला सांगायचं, पेपरवर कुणाचं नाव येणार. शेवटचं तर लिहूनच ठेवतो, आणि त्यात झाडं ओळखून देणाऱ्या स्थानिक माणसांचाही विचार होतो, नुसते आभार मानून मोकळं होत नाही. एका मुलाला लाल-हिरवा फरक दिसत नाही हे कळल्यावर नकाशांचे रंगही बदलले, तोवर आम्ही हिरवं म्हणजे जंगल आणि लाल म्हणजे तोड असेच नकाशे दाखवत होतो. आणि मीटिंगमध्ये बोलायला बुजणाऱ्यांनी आदल्या दिवशी प्रश्न लिहून पाठवले तरी चालतात, उलट त्यातच चांगले प्रश्न येतात असा माझा अनुभव आहे.

फांद्यांच्या रकान्यात आता तीन हंगामांची नोंद जमलीय. परवा त्याच विद्यार्थिनीने लिहून पाठवलंय की फांदी ओली असताना तोडली की वाळल्यावर, हेही लिहायला हवं, कारण वाळकी नेली तर झाडाचं काही जात नाही. कापलेल्या जागेवरून ते नक्की ओळखता येतं का, हे पुढच्या फेरीत दहा प्लॉटवर करून बघणार आहोत.