मनमाडहून आलेला माल मनमाडचा असेलच असं नाही: गोदी रेल्वेच्या जुन्या नोंदींमागे एक फेरी

मुंबई गोदीतल्या जुन्या मालवाहतुकीचा माग काढायचा असेल तर काळा घोडा, कॉटन ग्रीन आणि वडाळा हाच क्रम ठेवा. कागद आधी नजरेखालून गेलेले असले की जागा बघताना काहीतरी कळतं.

राज्य पुराभिलेखागार, म्हणजे जुन्या सरकारी कागदांचं दफ्तर, काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. ओळखपत्र, विषय लिहिलेला अर्ज आणि पेन्सिल न्या. ‘रेल्वेचं काय असेल ते दाखवा’ असं म्हणून भागत नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वे खंड साल सांगून मागा, आणि सकाळीच जा. आकडे उतरवताना दोन गोष्टी सांभाळा. जीआयपीचे (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे) जुने अहवाल सहामाही आहेत. कापसाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो, त्यामुळे जूनअखेरची सहामाही फुगलेली आणि पुढची रोडावलेली दिसते. ती मंदी नव्हे. दुसरं, मापं. रेल्वेचा मण 82 पौंडांहून जरासा जास्त, मुंबईच्या कापूस बाजाराची खंडी 784 पौंडांची, आणि गाठ तिच्या निम्मी, 392 पौंडांची.

कॉटन ग्रीनला स्टेशनाबाहेरच कापूस बाजाराची इमारत दिसते. पोर्ट ट्रस्टची रेल्वे 1915 साली सुरू झाली आणि वडाळ्याला ती जीआयपी आणि बीबीसीआय (बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया) या दोन्ही रेल्वेंना जोडलेली होती. जे बघायचं ते रस्त्यावरून बघा. रुळांत शिरू नका, गोदीच्या हद्दीत कॅमेरा काढू नका.

खरा खजिना वडाळ्याला होता. ओळखीतले एक काका यार्डात ट्रेन्स क्लार्क, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणारे कारकून होते. साठच्या दशकातली वाघिणींच्या (मालडब्यांच्या) नंबरांची वही त्यांनी जपून ठेवली आहे. मी रेल्वेच्या आद्याक्षरांवरून माल कुठून आला ते मांडायला लागलो, तर काका हसले. “अरे, त्या अक्षरांवर जाऊ नकोस. वाघीण मालकाची, माल भलत्याचाच.” ब्रॉडगेजच्या बहुतेक वाघिणी सगळ्या रेल्वेंच्या सामाईक वापरात असत, म्हणून एनएफ (ईशान्य सीमा रेल्वे) लिहिलेली वाघीण आसामातूनच आली असेल असं नाही. कुठून आली ते वाघिणीच्या लेबलावर बघायचं.

लेबलही पुरतं सांगत नाही. वहीत मनमाड वारंवार येतं. एवढा माल एकट्या मनमाडचा कुठला? जालना, परभणीकडची मीटरगेज तिथे संपायची आणि माल ब्रॉडगेजच्या वाघिणीत भरला जायचा. बार्शी, लातूरच्या नॅरोगेजचं तेच कुर्डुवाडीला, यवतमाळ, अचलपूरचं मूर्तिजापूरला. माल मुळात कुठला ते बिल्टीवरच, म्हणजे माल पाठवल्याच्या रेल्वे पावतीवरच सापडतं. माझ्या मते, बिल्टी न बघता नुसत्या वाघिणींच्या नोंदींवरून जिल्हावार तक्ते मांडण्यात अर्थ नाही.

रिकाम्या वाघिणी मात्र गाळू नका. गोदीकडे जहाजांवरचा माल भरून न्यायला रिकाम्यांची रांग लागलेली दिसली तर आयात चालू आहे असं समजायला जागा असते. त्या काळात पीएल-480चा, म्हणजे अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखालचा, अमेरिकी गहू मुंबईत उतरत होता. तारीख, नंबर, प्रकार, कुठून, कुठे, भरलेली की रिकामी, इतके रकाने आखून घ्या आणि बिल्टीसाठी एक कोरा सोडा. फिकी पडलेली शाई वाचायला भिंग लागतंच. वडाळ्याहून संध्याकाळी पाचच्या आत निघा; नंतर हार्बरच्या गर्दीत वह्यांची पिशवी सांभाळणं कठीण.