शून्याचा रकाना

नाशिक जिल्ह्यातल्या चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावरून मी पर्यटकांना पक्षी दाखवतो. जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेच्या दिवशी मात्र हातात वही असते आणि जबाबदारी वेगळी असते. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बांधलेल्या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, त्यातून उथळ पाणी, बेटे आणि पाणकणसाची, म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या उंच गवताची दाटी तयार झाली, आणि या दलदलीमुळेच नांदूर मधमेश्वर 2020 साली राज्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले.

त्या सकाळी धुके विरायला आठ वाजले. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. आधी दहा पक्षी मोजायचे, त्यांनी व्यापलेली जागा नजरेत बसवायची आणि तेवढाच ठोकळा थव्यावरून पुढे सरकवत न्यायचा. अशा रीतीने वारकरी नावाचे काळे पाणपक्षी साडेतीनशे, तलवार बदके चाळीस अशी नोंद करून मी वही मिटली. चक्रांग बदकांच्या रकान्यात शून्य होते.

तेवढ्यात दलदली भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी आली. तपकिरी अंग, पिवळसर डोके, पंख किंचित वर उचललेले. पाणकणसाच्या शेंड्यांना जवळजवळ घासत ती सावकाश पुढे सरकत होती. विखुरलेले वारकरी क्षणात एकमेकांना खेटले, पाण्यावर काळी घोंगडी पसरावी तसे दिसू लागले आणि जोरजोरात पाणी उडवू लागले. त्याच वेळी पाणकणसातून चक्रांगांचा अख्खा थवा उसळला, दोन घिरट्या घालून समोरच्या मोकळ्या पाण्यात उतरला. तांबूस डोक्यावरचा हिरवा पट्टा उन्हात स्पष्ट चमकत होता.

मला फार वाईट वाटले. पुढच्या वर्षीचा आकडा याच वहीशी ताडून पाहिला जातो. माझ्या शून्यामुळे इतके पक्षी इथे आलेच नाहीत असे ठरले असते. शेजारी मोजणारे निवृत्त गुरुजी शांतपणे म्हणाले, "खोडू नकोस. शेजारी वेळ लिही आणि पुन्हा मोज."

आम्ही दोघांनी वेगवेगळे मोजले. माझे दोनशे दहा भरले, गुरुजींचेही जवळपास तेवढेच. त्यानंतरही अर्धा तास मी पाणकणसाच्या कडेवर दुर्बीण रोखून थांबलो. अखेर माना आखडलेली दोन चक्रांग बदके हळूच बाहेर आली, आणि मी दोनशे बारा लिहिले.