कण्हेरीची नोंद : पिवळा मावा आणि कुंपणाबाहेरची रुई

दुहेरी गुलाबी कण्हेरीने सोलापूरचा मे महिना पंधरवड्यातून एकदा दिलेल्या पाण्यावर काढला, आणि तोही झुपक्यांनी फुलून. पांढऱ्या एकेरीच्या छाटकलमांनाही नुसत्या ओल्या वाळूत मुळे फुटली आहेत. मागच्या नोंदीतला पिवळा मावा मात्र हटलेला नाही.

पहिल्या सरींनंतर कोवळे शेंडे जोमाने आले की त्यांवर काळ्या पायांच्या या पिवळ्याधमक किडींचा थर चढतो. माद्या नराविना थेट पिलांनाच जन्म देत असल्याने, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेंडे धुऊन काढले तरी उरलेल्या मोजक्या किडी वसाहत पुन्हा उभी करतात. ५ टक्के निंबोळी अर्काने जोर ओसरतो खरा, परंतु अर्क दुहेरी फडक्यातून गाळूनही हातपंपाचे प्लास्टिकचे नोझल तुंबते. महाग पडले तरी पितळीच घ्यावे, असे माझे मत झाले आहे. मावा खाणारे ढालकिडे येतात, पण त्यांच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही, कारण हा मावा कण्हेरीच्या चिकातील विष स्वतःच्या अंगात साठवतो आणि ते सर्वच भक्षकांना मानवत नाही.

हाच मावा रुईवरही पोसतो, म्हणून कुंपणाबाहेरची रुई उपटण्याचे ठरवले होते. त्याआधी तिची पाने उलटून पाहिली, तेव्हा कितीतरी किडी फुगून तपकिरी आणि टणक झालेल्या दिसल्या, आणि भिंगाखाली काहींच्या पाठीवर नेमके गोल भोक आढळले. इवलीशी परोपजीवी गांधीलमाशी आतून मावा खाऊन बाहेर पडल्याची ही खूण! ज्या कवचांना अद्याप भोक पडलेले नाही, म्हणजे गांधीलमाशी अजून आतच आहे, त्यांची पाने कण्हेरीच्या शेंड्यांजवळ बांधली आहेत. रुई अर्थातच राहील आणि निंबोळी अर्क तूर्त बंद.

हे लिहितानाच छाटणीचा बेतही बदलावासा वाटतो. फुले नव्या फुटव्यांवर येतात म्हणून सगळी झाडे एकदम छाटणार होतो. परंतु त्यामुळे कोवळ्या शेंड्यांची एकच लाट येईल आणि नंतर गांधीलमाशांना खाद्य उरणार नाही. तेव्हा अर्धीच झाडे आता छाटीन, उरलेली महिन्याने, आणि युरिया कोणालाच देणार नाही. छाटलेल्या फांद्या जाळल्यास धूरही विषारी असतो आणि उघड्यावर टाकल्यास शेळ्या तोंड लावतात, म्हणून त्यांच्यासाठी खड्डा आधी खणून ठेवायचा आहे.